पांगाऱ्याचा टेकू

आषाढ लागला की आमच्याकडे ज्याला त्याला टेकू लागतो. केळीला घड धरला की ती वाकते, तिला बेचक्याची काठी लावायची. होड्या किनाऱ्यावर वर ओढून ठेवलेल्या असतात, त्यांच्या दोन्ही कुशींना लाकडं लावून त्या उभ्या करायच्या आणि वरून माडाच्या पात्यांचे विणलेले झाप घालायचे. गोठ्याची कुडाची भिंत कलंडते, तिला टेकू. टीव्ही लावावा तर मुंबईच्या सरकारलाही कोणीतरी टेकू दिलेला असतो आणि तो काढून घ्यायची धमकीही चालू असते. माझा थोरला भाऊ, दादा, या बातम्या मन लावून ऐकतो आणि मांडीवर थाप मारून हसतो. मी आपली कुळीथ निवडत बसते. मला या शब्दाचं हसू येत नाही.

शब्द तसा गरीब आहे. खांब म्हटला की त्याला मान असतो. मुहूर्त बघून त्याला उभा करतात, हळदकुंकू लावतात, पुढेमागे कोणी कर्त्या माणसालाही घराचा खांब म्हणतं. टेकूला मुहूर्त नसतो. घाईघाईत, पावसात भिजत, हाताला लागेल ते लाकूड आणून खाली सारतात आणि म्हणतात, राहू दे तात्पुरता. पुढे त्याच्याकडे कोणी बघत नाही. येता-जाता त्याच्यावर ओली छत्री अडकवतात. त्याच घराण्यातले बाकीचे शब्दही असेच. हात टेकावे लागतात, गुडघे टेकावे लागतात, देवापुढे माथा टेकावा लागतो, माणूस टेकीला येतो. हे सगळं माझं करून झालंय. बूड टेकायला तेवढं सवडीने कधी मिळालं नाही, आणि आता मिळालंय तर ते कुठे टेकावं ते कळत नाही.

कारण यंदा घरात वैनी नाही. दादाची बायको. चैत्रात गेली. माजघरात तिची खाट होती, ती बाहेर काढल्यावर तिथल्या जमिनीवर चार पायांच्या चार खुणा उरल्यात. लादी पुसताना माझा हात अजून त्या खुणांना वळसा घालून जातो. तोंडवलीच्या अलीकडे आमचं गाव. समुद्र घरातून दिसत नाही, सुरूचं बन मधे आहे, पण या दिवसांत गाज मात्र अंथरुणात येते. वैनी असताना ती गाज मला कधी ऐकू यायची नाही. तिच्या हाकेकडे कान असायचा.

या घरात मी परत राहायला आले तोही पावसाळाच होता. वीसेक वर्षं झाली असतील, जास्तच. तेव्हा मी सावंतवाडीत लाकडी फळं रंगवत होते. कातलेली कोरी फळं पाटीत भरून समोर यायची. नुसतं लाकूड, केळं कुठलं आणि वांगं कुठलं ते आकारावरूनच ओळखायचं. मग हातातल्या ब्रशाने एकेकाला जीव आणायचा. माझ्याकडे आंबे असायचे. आंब्याच्या खांद्यावर जी लाली उतरते ती बोटाने पुसत पुसत आणावी लागते. थोडी जास्त झाली तर तो आंबा वाटत नाही, नाटकातला राजा वाटतो. आमचे मालक म्हणायचे, शालूच्या आंब्याचा वास येतो. म्हातारा कौतुकाला कंजूष होता, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं.

तलावाजवळ एका माडीवर माझी खोली होती. एक खिडकी, एक स्टोव्ह, दोरीवर माझी दोन लुगडी आणि चार साड्या. लग्न जुळलं नव्हतं. का जुळलं नाही ते विचारू नका, मलाही कोणी सांगितलं नाही. पण संध्याकाळी हाताला रॉकेल चोळून रंग काढायचा, भात टाकायचा आणि खिडकीत बसून तलावावरचे दिवे बघायचे, यात मला काही कमी वाटत नव्हतं. लोकांना वाटायचं. मला खरंच वाटत नव्हतं. कुलूप लावून बाहेर पडताना किल्ली कमरेला खोचायची, आणि दिवसभर ती टोचत राहिली तरी बरं वाटायचं.

ज्येष्ठात वैनी विहिरीवर घसरली. कमरेचं हाड मोडलं. गोव्याला नेऊन ऑपरेशन केलं, पण घरी आणल्यावर ती उठेना. दादाला शेतीची लावणी, त्यांचा मुलगा संदेश शाळेत, चुलीपुढे कोणी नाही. दादा एसटीने सावंतवाडीला आला. माझ्या खोलीच्या दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. भिजलेल्या पायांनी खोली खराब होईल म्हणाला. एवढी वर्षं दादाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्याची मान खाली होती.

"चतुर्थी करून जा गो," तो म्हणाला. "तवसर वैनी उभी रवतली."

मालकांनी माझी जागा दसऱ्यापर्यंत राखून ठेवतो म्हणून सांगितलं. खोलीचं भाडं मी देत राहिले. ब्रश धुवून, कागदात गुंडाळून खिडकीत ठेवले, आणि दादाच्या मागून स्टॅंडवर गेले.

इथे येऊन आठ-दहा दिवस झाले नसतील, पडवीची तुळई खचली. वाळवीने आतून पोखरली होती, वरून रंग छान. एका दुपारी धो धो पाऊस पडत असताना ती कडकन वाजली आणि हातभर खाली आली. कौलं घसरली. दादा धावत परसात गेला. परसात मिरीच्या वेलांसाठी पांगाऱ्याची खोडं तोडून ठेवली होती, त्यातलंच एक जाड बघून त्याने उचललं, कोयत्याने त्याचे काटे तासले, आणि पडवीच्या मातीत चर मारून तुळईखाली ठोकून बसवलं. कोणीही शहाणा माणूस टेकूला पांगारा घेत नाही. पोकळ लाकूड, त्यातून ओलं, ताजं तोडलेलं. पण पाऊस काय थांबतो का चांगलं लाकूड मिळेपर्यंत? दादा म्हणाला, चतुर्थीपर्यंत धरला तरी पुरे.

पांगाऱ्याची जात सांगायला नको. कुंपणात रोवला की पावसात फुटतो. आमच्या पडवीत कौलातून गळत होतं, जमीन ओलीच होती. पंधरवडा गेला असेल नसेल, सकाळी केर काढताना बघते तर टेकूला कोंब. बोटाएवढे, पोपटी, एकावर एक. दोन दिवसांत त्यांना तीन-तीन पानं फुटली. डोक्यावर तुळई, तुळईवर अर्ध्या पडवीची कौलं, आणि हा बेटा मधल्यामधे पालवतोय.

अख्खी वाडी बघायला आली. कोणी म्हणालं, पुढच्या वर्षी सावलीला पडवीतच बसा. कोणी म्हणालं, गुरं सोडा हय, चरतली. त्या पावसाळ्यात आमच्या घरात तेवढंच हसणं झालं. वैनीसुद्धा खाटेवरून मान उचलून म्हणाली, माका दाखव गो, आणि मी एक पान खुडून तिच्या हातात दिलं. तिने ते बराच वेळ नाकाशी धरलं. पण जुन्या माणसांनी सांगितलं, घराच्या आत झाड वाढू देऊ नये, बरं नसतं. मग दादाने ते काम मला लावून दिलं. रोज सकाळी केर काढला की टेकूचे कोंब पुसून टाकायचे. अंगठ्याने दाबलं की मोडायचे, हिरवा चीक बोटाला लागायचा. दुसऱ्या दिवशी शेजारी नवे. मला त्याची चीड यायची. अरे, तुझी मुळं तोडलीत, डोक्यावर एवढं ओझं घातलंय, कशाला फुटतोस?

त्या दिवसांचा वास माझ्या नाकातून कधी गेलाच नाही. चुलीवर वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास, डब्यातल्या सुक्या सुंगटांचा, कोलंबीचा वास, वैनीच्या पाठीला चोळायच्या तेलाचा वास, आणि सगळ्यांच्या खाली भिजलेल्या मातीच्या भिंतीचा. टाकळ्याची भाजी, फागलांची म्हणजे करटुल्यांची भाजी, पेज. दुपारी दादा शेतात असायचा, तेव्हा घरात मी आणि वैनी दोघीच. तिला कुशीवर वळवायची, पुसायची, केस विंचरायचे. वैनी तोंडाची फटकळ. मला ती कधी फार आवडली नव्हती, तिलाही मी नव्हते आवडले. सणाला येणारी, बांगड्या न भरणारी, स्वतःचे पैसे असलेली नणंद कोणाला आवडते? पण एकीने दुसरीला रोज उघडं बघायला लागलं की आवडणं-नावडणं मागे पडतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू उभी करा, धरून चालवा. मी धरायची. तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर यायचा. चार पावलं की ती घामाघूम, मग पुन्हा खाट. चतुर्थी आली. गणपती आले तेव्हा ती खाटेवर बसून हात जोडत होती. गणपती गेले. दसरा पंधरा दिवसांवर आला. मी काही बोलत नव्हते, पण माझी नजर वरचेवर माळ्यावरच्या पिशवीकडे जात असणार. बाईमाणसाच्या नजरेतून काही सुटत नाही. एका दुपारी तेल लावत असताना वैनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

"तू आसस म्हणान मी आडवी आसंय. तू गेलंस काय मी उठतलंय."

मला झोंबलं. खोटं कशाला सांगू? तीन महिने जिचं सगळं केलं तिने हे बोलावं? त्या रात्री मी जेवले नाही. पण सकाळी केर काढता काढता मला वाटायला लागलं की ती रागाने बोललीच नव्हती. ती मला वाट करून देत होती. तू जा, माझं काय ते मी बघते, हे तिच्या तोंडून तसंच येणार. गोड बोलायची तिला सवय नव्हती. मी दादाला सांगितलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघते. दादा "बरा" म्हणाला आणि बैल बघायला गोठ्यात गेला.

निघायच्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले होते. परत येते तो वैनी माजघराच्या मधोमध उभी. एकटी. हाताशी भिंत नाही, काठी नाही. पदर नीट खांद्यावर घेतलेला. तिने कुंकूही लावलं होतं. माझ्याकडे बघून ती हसली. लग्न होऊन आली तेव्हा असं हसायची, नंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले. पुढे जाऊन धरावं की न धरावं? धरलं तर तिचं सगळं फुकट गेलं असतं. ती एक पाऊल माझ्याकडे आली. दुसरं टाकताना कोसळली.

ते हाड पुन्हा मोडलं आणि मग ते सांधलंच नाही. माझी पिशवी दादाने परत माळ्यावर ठेवली. दिवाळीत मालकांचा निरोप आला की जागा भरली, राग मानू नये. मी राग मानला नाही. राग तरी कोणावर मानायचा? दादावर, ज्याला दुसरं कोणी नव्हतं? की त्या बाईवर, जिने मला मोकळं करण्यासाठी स्वतःला मोडून घेतलं? आम्ही दोघी त्याबद्दल पुन्हा कधीच बोललो नाही. ती मला "तुका माझ्यामुळे" असं म्हणायला लागली की मी भांडी घेऊन विहिरीवर जायची. इतकी वर्षं तिने ते वाक्य पुरं केलं नाही आणि मी तिला करू दिलं नाही. चैत्रात शेवटच्या दिवशी तिची वाचा गेली होती. इतकी वर्षं तिला उचलणाऱ्या माझ्या मनगटाकडे नुसती बघत होती.

तुळईचं म्हणाल तर पुढच्याच उन्हाळ्यात दादाने चिऱ्याचा खांब बांधून घेतला. गवंड्याने तुळई जरा वर उचलून खांबावर बसवली, आणि पांगारा आपोआप आडवा झाला. त्याला काढावा लागला नाही. भार होता तोवर तो उभा होता, भार गेल्यावर धप्पकन पडला. खालचं टोक पाहिलं तर मूळ म्हणून काही धरलेलंच नव्हतं. ती सगळी पानं अंगातल्या ओलीवर फुटली होती. पावसाळाभर मी खुडली ती तीच. त्याचे तुकडे करून मी पाणी तापवायला लावले, धूरच फार झाला.

वैनीचं दिवसकार्य झालं आणि वैशाखात मी सावंतवाडीला गेले. कोणाला काही सांगितलं नाही. दादाला म्हटलं बाजार करून येते. एवढी वर्षं रोज रात्री पाठ टेकली की मी मनातल्या मनात त्या माडीचा जिना चढायची. कितवी पायरी वाजते तेही आठवायचं. वाटायचं, कधीतरी हे संपेल. संपेल म्हणजे कसं, तो विचार मी करायची नाही, कारण तो विचार म्हणजे वैनीचं मरण. पण संपेल आणि मी जाईन.

मालक वारले होते. त्यांची सून दुकान बघते, चांगली बाई. मी कोण ते सांगितल्यावर तिने खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं. सासरे तुमच्या आंब्यांची आठवण काढायचे म्हणाली. हाताने रंगवणारी माणसं आता मिळत नाहीत, तुम्ही या ना, मागे खोली आहे, राहा, जमेल तेवढं करा. अगदी असं म्हणाली. तिने एक कोरा आंबा आणि ब्रश माझ्यापुढे ठेवला. मी पिवळा दिला, वर लाल दिला, बोटाने पुसला. लाली बरोबर उतरली. सून म्हणाली, अगो बाय, बघा, काही विसरला नाहीत.

मी त्या आंब्याकडे बघत राहिले आणि मला काहीच वाटलं नाही. काही म्हणजे काहीच नाही. आनंद नाही, रडू नाही. ज्याच्यासाठी मी एवढी वर्षं झुरले ते समोर आलं, हातात आलं, आणि आत कोणी ओ द्यायला नव्हतं. मी येते, कळवते म्हटलं, आणि तलावाच्या काठी जाऊन बसले. पाणी होतं, झाडं होती, पोरं आईस्क्रीम खात होती. माझं लक्ष घड्याळात. दादाने पेज गरम केली असेल की थंडच खाल्ली असेल, म्हशीला पाणी दाखवलं असेल का, एवढंच डोक्यात. तीनची गाडी चुकेल म्हणून मी धावत स्टॅंडवर गेले. मोकळ्या बाईला गाडी चुकण्याची कसली भीती? पण मी धावले.

तेव्हापासून मी नुसती बसलेली असते. सकाळी लवकर जाग येते, तेल गरम करायला उठते आणि चुलीपुढे गेल्यावर आठवतं. दादाचं असं काय असतं? दोन वेळचं जेवण आणि बातम्या. वाडीतल्या बायका म्हणतात, सुटलंस गो, आता चार दिवस आराम कर. माझ्या भल्यासाठीच म्हणतात. मला त्यांच्या तोंडावर ओरडावंसं वाटतं की आरामाला लागणारं माणूस या अंगात शिल्लक नाही. दुपारभर पडवीत बसून पाऊस बघते. देवाकडे काय मागावं तेही सुचत नाही.

परवा संध्याकाळी संदेशचा फोन आला. तो डोंबिवलीला असतो, त्याचं बाळ चार महिन्यांचं आहे. त्याच्या बायकोची रजा संपत आलीय, तिची आई नोकरी करते, पाळणाघरात एवढं लहान पोर कसं टाकायचं. तो आढेवेढे घेत होता, त्याला माझी लाज वाटत असावी. तू आता कुठे मोकळी झालीस, तुला कसं सांगू, असं दोनदा म्हणाला. दादा शेजारी बसून सगळं ऐकत होता आणि माझ्याकडे न बघता सुपारी कातरत होता.

"सहा महिने फक्त, आत्या. बाळ उभं राहायला लागलं की मी तुला आणून सोडतो. येशील गो?"

हा फोन येणार हे मला माहीत होतं. नाही म्हणायचं मी ठरवूनही ठेवलं होतं. रोज केर काढताना ते वाक्य घोळवलं होतं: नको रे बाबा, माझ्याने आता होणार नाही, तुम्ही दुसरी बाई बघा. साधं वाक्य, कोणाला लागू नये असं. ते ओठापर्यंत आलंही होतं. बाहेर पाऊस मोठा झाला म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला, आणि माझंच तोंड मला न विचारता बोललं.

"पोर रातचा निजता मा रे?"

तिकडे तो हसला. मोकळा झाला बिचारा. रात्री दोनदा उठतं म्हणाला, पोटात गॅस होतो. मी त्याला ओव्याची पुरचुंडी कशी शेकायची ते सांगायला लागले. सांगता सांगता मी उठून उभी राहिले होते, चालायला लागले होते. कमरेला पदर खोचला होता.

आणि मला बरं वाटत होतं. चैत्रापासून पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.